खर्ड्याची वाट आणि पडवीतली सायकल

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्याच्या, अगदी आग्नेय टोकाला बालाघाटच्या डोंगरांच्या कुशीत खर्डा हे गाव वसलेले आहे. जामखेड तालुक्यातले हे मोठे बाजाराचे गाव. एका अंगाला बीड जिल्ह्याची शीव, दुसऱ्या अंगाला धाराशिवची. शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला ‘खर्ड्याची लढाई, 1795’ एवढी ओळ तोंडपाठ असते. पण त्या ओळीपलीकडचे गाव फार थोड्यांनी पाहिलेले असते. खुद्द शेजारच्या गावातले लोकही बाजाराला येतात, पिशवी भरतात आणि मोटारसायकलला किक मारून परत जातात. किल्ला मात्र जागच्या जागी राहतो.

या गावाची ओळख आज जरा वेगळ्या निमित्ताने करून द्यायची आहे. निमित्त आहे आपल्या पडवीत, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सायकलीचे. तिच्या सीटवर कोंबडी बसते, हँडलला कासरा अडकवलेला असतो आणि चेन गंजून आखडलेली असते. एके काळी याच सायकलीवर घर चालत होते.

आपल्या भागात सायकल घरात आली ती कष्टाची सोबतीण म्हणून. देश स्वतंत्र झाल्यावर मद्रास, सोनीपत, आसनसोल आणि लुधियाना या ठिकाणी सायकलींचे मोठे कारखाने चालू झाले आणि हळूहळू काळी, उंच, दांडीची सायकल खेड्यात दिसू लागली. लग्नात जावयाला सायकल देण्याची रीत पडली. ज्याला ती मिळाली नाही तो रुसून बसे. तिच्यावर दुधाच्या किटल्या गेल्या, कडब्याच्या पेंढ्या गेल्या, बियाण्याची पोती गेली, आजारी माणूस कॅरेजवर बसून दवाखान्यात गेला. पोरे दांडीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारीत शिकली आणि गुडघे फोडून घेऊन घरी आली.

मग मोटारसायकल आली. बँकेचे, सोसायटीचे कर्ज मिळू लागले. सायकलीचे काम सुटले आणि कामाबरोबर सायकलही सुटली. आता सायकलीवर कोणी दिसला की लोक विचारतात, “का हो, गाडी बिघडली काय?” सायकल म्हणजे गरिबी, असे समीकरण मनात पक्के बसले.

पुष्कळ जण म्हणतात, “सायकलीची आवडच राहिली नाही.” यात एक गंमत आहे. आपल्या वाडवडिलांनी सायकल आवड म्हणून कधी चालवलीच नव्हती. त्यांना ती चालवावी लागत होती. डोक्यावर ऊन, मागे ओझे आणि तोंडावर वारा असताना आवड कुठून येणार? आज ओझे वाहायला दुसरी गाडी दारात आहे. म्हणजे सायकल मोकळी झाली आहे. तिच्यावर नुसते आपण बसायचे आणि आपल्याला वाटेल तिथे जायचे. ही सवड आपल्या घराण्यात पहिल्यांदाच आली आहे.

पण जायचे कुठे? ठिकाण ठरवले नाही तर दोन दिवसांनी सायकल पुन्हा भिंतीला लागते. खर्डा आणि त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या मंडळींना तर ठिकाणांचा तोटा नाही.

पहिली फेरी किल्ल्यापर्यंत करावी. खर्ड्याचा किल्ला म्हणजे डोंगरी गड नव्हे, हा भुईकोट. चढ चढायची गरज नाही. निंबाळकर सरदारांनी तो 1743 साली बांधला. सुलतानजी निंबाळकरांचे नाव या किल्ल्याशी जोडलेले आहे. ‘शिवपट्टण’ असेही त्याला म्हणतात. चौकोनी आखणी, घडीव दगडाचा तट, बुरूज, भोवती खंदक, आत विहीर आणि मशीद. 2021 च्या दसऱ्याला या किल्ल्याजवळ 74 मीटर उंचीचा भगव्या ध्वजाचा स्तंभ उभा राहिला. वर ध्वज फडकत असला तर सायकलवाल्याला त्याचा एक उपयोगही होतो. वारा कोणीकडचा आहे ते पाहून वाट ठरवता येते. त्याविषयी पुढे सांगू.

दुसरी फेरी लढाईच्या माळाची. 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याच्या परिसरात मराठे आणि हैदराबादचा निजामअली यांच्या फौजांची गाठ पडली. भांडण चौथाईच्या थकबाकीचे. निजाम मोहरीचा घाट उतरून खर्ड्याकडे आला. मराठ्यांकडे सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन होते. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, सगळ्यांच्या फौजा एका जागी आल्या होत्या. तरुण पेशवे सवाई माधवराव आणि नाना फडणवीसही मोहिमेवर होते. लढाई एका दिवसाची. पण रात्री निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि तिथेच तो अडकला. बाहेर मराठ्यांचा वेढा, आत पाण्याचा दुष्काळ. तोफांनी झाले नाही ते तहानेने केले. निजामाला तह करावा लागला. दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख आणि तीन कोटी रुपये कबूल करावे लागले. मराठ्यांची अशी एकजूट पुन्हा दिसली नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले आणि 1818 साली पेशवाईच बुडाली.

ही हकीकत पुस्तकात वाचणे निराळे आणि त्या माळावरून सायकल हाकताना आठवणे निराळे. मोटारसायकलवर हा माळ पाच मिनिटांत मागे पडतो. सायकलीवर प्रत्येक उतार, प्रत्येक ओढा मांड्यांना कळतो. दोन लाखांवर माणसे आणि त्यांची जनावरे या कोरड्या मुलखात पाण्यासाठी कशी तळमळली असतील, ते घसा कोरडा पडला की आपोआप उमगते. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पाय सरावले की लांबचा पल्ला घ्यावा. पैठणहून पंढरपूरला जाणारी नाथांची पालखी खर्ड्यावरून पुढे परांड्याकडे जाते. त्या वाटेने दोन-चार गावे जाऊन यावे. भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली तिथे सल्लेखना घेतली. तिथला पेढाही प्रसिद्ध आहे. दमलेल्या सायकलस्वाराला तो जरा जास्तच गोड लागतो! आणि जामखेड तालुक्यातच चौंडी आहे. 31 मे 1725 रोजी अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला ते हे गाव. तो पल्ला मोठा आहे, म्हणून तो वर्षभराने गाठायचा ठेवावा.

आता सायकल भिंतीपासून सोडवायची कशी ते पाहू. आधी दुकानात नेऊन तिचे ओव्हरऑइलिंग करून घ्यावे. छर्रे धुऊन ग्रीस भरावे, चेनला तेल द्यावे, चाकाचा आऊट काढावा, ब्रेकची रबरे आणि ट्यूब बदलावी. पुष्कळांची आवड सायकल जड चालते म्हणूनच मेलेली असते. मग सीटची उंची बघावी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली नेले की पाय सरळ झाला पाहिजे. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि माणूस वयाला दोष देतो. हवा दर आठवड्याला तपासावी.

पहिल्या आठवड्यात फक्त दहा-पंधरा मिनिटे, पण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. दुसऱ्या आठवड्यात वीस. दम लागला तर उतरून चालावे, त्यात लाज नाही. आणि वाऱ्याचा नियम पाळावा: जाताना वारा तोंडावर घ्यावा, म्हणजे येताना तो पाठीवर मिळतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. खर्ड्याहून जामखेडच्या रोखाने निघालात तर परतताना तोच वारा घरी आणून सोडतो. उलट केलेत तर दमल्या अंगाने वाऱ्याशी झुंजावे लागते आणि दुसऱ्या दिवशी सायकल नकोशी होते.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला व्यायामाची काय गरज? पण आता नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी बटण दाबून चालू होते आणि रानात जायलाही गाडी लागते. मधुमेह आणि रक्तदाब शहरातून गावात केव्हाच येऊन पोचले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला निदान 150 मिनिटे अंग हलवायला सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस सायकल हाकली की हिशेब पुरा. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने 1970 साली जो ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, त्याची शिकवणही हीच होती की रोग दारात येण्याआधी अडवावा. मात्र छातीचे दुखणे किंवा गुडघ्याचा जुना आजार असेल त्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

मायबहिणींनी हे वाचून पान उलटू नये. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवण्यात आली आणि हजारो शेतमजूर बायका सायकलीवर बसल्या. आधी लोक हसले, टोमणे मारले. पण पाणी आणणे, माल बाजारात नेणे, पोरांना शाळेत सोडणे यासाठी नवऱ्याची वाट बघणे संपले. बिहारने 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा हायस्कूलात जाणाऱ्या मुलींची संख्या चांगलीच वाढल्याचे अभ्यासात दिसून आले. आपल्या पडवीतली सायकल अशीच एखाद्या लेकीची शाळा वाचवू शकते.

घरोघर असे बोलणे होते. सासरे म्हणतात, “अगं, या वयात सायकल? लोक हसतील.” सून म्हणते, “हसू द्या, मामा. तेवढंच पेट्रोल वाचंल, अन् तुमची साखर पण उतरंल.” सूनबाईचे म्हणणे खरे आहे. हसणारे चार दिवस हसतात. पाचव्या दिवशी त्यांच्यातलाच एखादा विचारतो, “हवा कुठं भरता हो?”

दसरा ते शिमगा हे दिवस त्यासाठी उत्तम. सकाळी गारवा असतो आणि दुतर्फा ज्वारी डोलत असते. तेव्हा वाचकहो, सीटवरची कोंबडी उठवा, हँडलवरचा कासरा खुंटीला टांगा आणि सायकल दुकानात टाका. नीट होऊन आली की नातवाला मागे बसवून आधी आपल्याच शिवारातले ठिकाण दाखवा. खर्डेकर असाल तर किल्ला आहेच. नसाल तर तुमच्या गावालाही एखादे जुने देऊळ, बारव, तळे असेलच. तिथवर जाऊन या आणि मग पुढच्या गावाचा विचार करा.