पूर खाली, पाऊस वर

महाडच्या बाजारपेठेत लख्ख ऊन पडलेलं असावं आणि सावित्री नदी मात्र पायरी पायरीने वर चढत यावी, असं पावसाळ्यात कैकदा होतं. पोलादपुरातही थेंब नसतो. आंबेनळी घाटाच्या माथ्यावर तेवढे ढग दाटून आलेले असतात. त्यांच्या पलीकडे महाबळेश्वरच्या पठारावर काय कोसळतंय ते इथून दिसत नाही, ऐकूही येत नाही. बदलतो तो फक्त पाण्याचा रंग. सकाळचं हिरवट पाणी दुपारी गढुळतं, मग तांबूस होतं, मग वरच्या रानातला पाचोळा, मोडक्या फांद्या, एखादं उन्मळलेलं झाड असं काय काय त्यातून वाहत येतं, आणि काठावरची जुनी माणसं अशा वेळी पाण्याकडे कमी आणि घाटाकडे जास्त बघतात. तिकडे बाणकोटच्या खाडीत भरती असली की उतरणारं पाणी तुंबतं, काळ आणि गांधारी नद्यांनाही पुढे वाट उरत नाही, नि मग पाणी पेठेत शिरतं. दुखणं इथे असतं.

कारण वर असतं.

मी पोलादपुरात घरी बसून वेबसाइटी बांधते, आणि माझ्या कामाइतकाच वेळ दुसऱ्यांच्या अडलेल्या कोडकडे बघण्यात जातो. लोणेऱ्याच्या विद्यापीठात शिकणारी पोरं असतात, महाडच्या औद्योगिक वसाहतीत वडील कामाला असलेली असतात, पुण्या-मुंबईला नोकरीला लागून गणपतीला गावी आलेली असतात. कुणी कुणाकडून नंबर घेतलेला असतो. फोन लागतो आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: ‘ताई, चालत नाहीये.’

या वाक्यावर मला माया आहे. त्यात काहीच सांगितलेलं नसतं आणि सगळं सांगितलेलं असतं. काय चालत नाहीये? पान उघडतच नाही, की उघडून कोरं राहतं? बटण दाबलं की चाक फिरत राहतं, की काहीच हलत नाही? मी एकेक विचारत जाते आणि पलीकडे शांतता पसरते. त्या शांततेत पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो, स्वयंपाकघरातली शिट्टी, ‘जेवायला ये’ म्हणून मारलेली हाक आणि तिला दिलेलं ‘आलो गं’. रात्र रात्र एका ओळीशी झगडलेलं पोर हळूहळू कोडविषयी बोलायचं सोडून स्वतःविषयी बोलू लागतं. मला हे जमणार नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे. बाकीच्यांचं चालतं, माझंच चालत नाही. चूक आणि माणूस यांची अशी घट्ट गाठ बसलेली असते की आधी ती सोडवावी लागते, कोड नंतर.

मग मी म्हणते, ब्राउझरचा कॉन्सोल उघड आणि ती लाल ओळ मला मोठ्याने वाचून दाखव.

गंमत अशी की ती ओळ बहुतेकांनी वाचलेलीच नसते. लाल रंग दिसला की डोळे तिथून सरकतात. मोठ्याने वाचताना अडखळत, इंग्रजी शब्दांना कोकणी हेल देत, पोर हळूहळू खाली उतरतं. ओळींच्या त्या थप्पीत आपण कधी न लिहिलेल्या, नावही न ऐकलेल्या फाइली असतात, आणि त्यांच्या गर्दीत एका जागी एकाएकी आपलीच फाइल, आपणच दिलेलं नाव, ओळीचा आकडा. तिथे आवाज बदलतो. ‘अरे, हे तर माझंच आहे.’ फोनवरून चेहरा दिसत नाही, पण हा आवाज मी हजारांत ओळखेन. पुष्कळदा यापुढे मला काही करावं लागत नाही. नुसतं फोन धरून बसायचं. दुसरं कुणी ऐकतंय एवढ्यानेही माणसाला स्वतःचं लिहिलेलं नव्याने दिसू लागतं.

सगळ्यात जास्त फोन येतात ते कॉर्सचे. पान ३००० क्रमांकाच्या पोर्टवर चालू असतं, माहिती देणारा सर्व्हर ८००० वर. दोन्ही एकाच लॅपटॉपमध्ये, एकाच टेबलावर, तरी ब्राउझर त्यांना परकं मानतो, आणि पलीकडून उत्तर आलेलं असूनही ते पानाच्या हाती पडू देत नाही. सर्व्हरने ‘या पत्त्याला चालेल’ अशी परवानगी उत्तरासोबत धाडलेली नसते, एवढंच. लाल ओळ उमटते पानाच्या कॉन्सोलवर, म्हणून पोरं पानाचा कोड उलटापालटा करत बसतात. लिहायचं असतं सर्व्हरवर. इथेही वरच बघायचं. काहीजण कुठूनतरी उचललेली चांदणी (*) लावून सगळ्या जगालाच परवानगी देऊन मोकळे होतात, आणि लाल ओळ गेली म्हणून खूश होतात. ते मला पटत नाही. ज्याला आत घ्यायचं त्याचं नाव लिहावं.

बिरवाडीची एक मुलगी महाडच्या इतिहासाची छोटीशी वेबसाइट करत होती. कॉलेजचा प्रकल्प होता, पण तिने त्यात जीव ओतलेला. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. तिने कॅलेंडरात वीस निवडली, साठवली, पान पुन्हा उघडलं, तर एकोणीस. मनुस्मृती जाळली ती २५ डिसेंबरची नोंद चोवीसची झालेली. तिच्या घरात या तारखा पुस्तकातून आलेल्या नव्हत्या. दरवर्षी वीस मार्चला गावोगावहून माणसं महाडात उतरतात, तळ्याभोवतीचे रस्ते निळ्या झेंड्यांनी भरून जातात, आणि त्या गर्दीतून तिचे आजोबा काठी टेकत तळ्यापर्यंत जाऊन येतात. ‘आजोबांना दाखवायचंय, ताई. एकोणीस कसं चालेल?’

तिने एक दिवस मिळवून पाहिला होता. पानावर वीस दिसू लागली होती, गुरुजींनी मान्यही केली असती, तरी तिला चैन पडेना. हे मला फार भावलं. बरोबर दिसणं आणि बरोबर असणं यांतलं अंतर ज्याला टोचतं त्याला बाकीचं शिकवता येतं.

आम्ही उलट्या वाटेने निघालो. पानावरची तारीख, तिच्या मागे डेटाबेसातली, तिच्या मागे सर्व्हरला पोचलेली, तिच्याही मागे ब्राउझरने पाठवलेली. तिथे सापडलं. वीस तारीख निवडताच तिला रात्री बाराची वेळ चिकटत होती, आपल्याकडच्या मध्यरात्रीची. पाठवताना ती जागतिक वेळेत बदलली जात होती, म्हणजे साडेपाच तास मागे, म्हणजे एकोणीस मार्चची संध्याकाळ, साडेसहा. पुढच्या ओळीने त्यातली पहिली दहा अक्षरं ठेवून बाकीची छाटून टाकली. वेळ गेली, एकोणीस उरली. आणि तिने मिळवलेला तो एक दिवस? अमेरिकेतून कुणी हाच फॉर्म भरला असता तर तिथल्या मध्यरात्रीला जागतिक वेळेतही वीसच तारीख असते. मिळवलेल्या दिवसाने तिची एकवीस झाली असती.

दिवसाला तासांची गरज नव्हती. वीस मार्च म्हणजे वीस मार्च, कुठल्याही देशातून पाहिली तरी. तिने तारीख नुसत्या मजकुरासारखी साठवली, घड्याळाला हातच लावू दिला नाही, आणि पान उघडलं. फोनवर काही वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मग ती म्हणाली, ‘वीस.’

बाकीच्या पुष्कळ अडचणी येतात आणि जातात, त्यांच्याविषयी काय लिहावं? ब्राउझरने जुनीच फाइल जपून ठेवलेली असते आणि नवीची वाट बघून बघून डोळे शिणतात. एखादा गुप्त शब्द आपल्या लॅपटॉपवर असतो, सर्व्हरवर ठेवायचा राहिलेला असतो. फाइलीच्या नावातलं एक अक्षर विंडोजवर लहान-मोठं चालून जातं, लिनक्सवर चालत नाही. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य ऐकलं की मी या तिन्हींपाशी आधी डोकावते. वीज जाते, नेट जातं, आंबेनळीत दरड येते आणि केबल तुटते. मग दोन दिवसांनी कुणी कळवतं, ‘झालं ताई’, आणि काय झालं ते दोघांनाही पुन्हा आठवून बघावं लागतं.

पण ‘झालं’ म्हणून मिटणारी गोष्ट मला बेचैन करते. त्याचं कारण इथल्या रस्त्यावर आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूरच्या मधला सावित्रीवरचा जुना, इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस गेल्या, इतर वाहनं गेली, कितीतरी घरं कायमची उणी झाली. अंधार, मुसळधार पाऊस, आणि चालकांच्या डोळ्यांत कालपर्यंतचा रस्ता. पुलाजवळच्या एका गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाला पाण्याकडे बघून उमगलं की समोर पूल नाही, आणि तो त्या पावसात येणाऱ्या गाड्या थांबवू लागला. पुढच्या वर्षी नवा पूल झाला. मी त्यावरून जाते तेव्हा मला हटकून तो माणूस आठवतो. आमच्या चुकांत कुणाचा जीव जात नाही. ते दुःख आणि हे काम एका तराजूत घालायला माझा हात उचलत नाही. तरी मागून येणाऱ्याला थांबवणं ही माणसाच्या हातची फार मोठी गोष्ट आहे, हे मी या रस्त्यावर शिकले. आपल्याला जे कळलं ते मागून येणाऱ्याला दिसेल अशा जागी लिहून ठेवलं नाही, तर कळून उपयोग काय?

म्हणून मी पोरांना लिहायला लावते. काय अडलं, कुठे सापडलं, काय बदललं. मराठीत लिहा म्हणते, कोडच्या शेजारीच लिहा. याच महाड तालुक्यात शिवथरघळ आहे, जिथे दासबोध सांगितला गेला असं परंपरा मानते. पावसाळ्यात घळीच्या तोंडावर धबधबा कोसळतो आणि आत बोललेलं आतच विरतं. त्या ग्रंथात एक अख्खा समास लिहिण्याच्या क्रियेवर आहे, एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच: अक्षर कसं असावं, ओळी किती अंतराने असाव्यात, शाई, लेखणी, कागद कसा निवडावा. विरक्त पुरुषाने अक्षराची इतकी काळजी वाहावी याचं मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. न पाहिलेल्या वाचणाऱ्यावर जीव असल्याशिवाय कुणी दोन ओळींमधलं अंतर ठरवत बसत नाही.

आणि अक्षरावरून आठवलं ते गेल्या पावसाळ्यातलं. पोलादपूरजवळच्या एका वाडीतला मुलगा घाटवाटांची नोंदवही वेबवर करत होता: कुठली वाट कुठून चढते, पाणी कुठे आहे, पावसात कुठे जाऊ नये. गावकरी मोबाइलवरून माहिती भरत, तो ती जुळवी. एक दिवस त्याचा फोन आला. शोधाच्या चौकटीत ‘दऱ्या’ लिहिलं की निम्म्याच नोंदी येतात. उरलेल्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांत ‘दऱ्या’ स्पष्ट लिहिलंय, तरी यंत्र म्हणतं नाही.

मी दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवून पाहिले. काना, य, त्याला बिलगलेला तो आडवा र, सगळं एकसारखं. मोठे करून पाहिले, टंक बदलून पाहिला. मग आम्ही अक्षरं बाजूला ठेवून त्यांच्यामागचे युनिकोडचे क्रमांक काढले. पहिल्या शब्दात ‘ऱ’चा स्वतःचा क्रमांक होता, ०९३१, त्यापुढे हलन्त, त्यापुढे य. दुसऱ्यात साधा र, ०९३०, त्यापुढे हलन्त, आणि य येण्याआधी मध्येच एक क्रमांक: २००डी. हे एक जोडणारं चिन्ह आहे. त्याला रुंदी नाही, आकार नाही, आवाज नाही. शेजारच्या दोघांना कसं बिलगायचं तेवढं ते सांगतं आणि स्वतः दिसत नाही. एका कळफलकावर शब्द एका वाटेने उमटत होता, दुसऱ्यावर दुसऱ्या. हिंदीला हा र लागत नाही, म्हणून तिकडच्या धड्यांतही तो कुणी सांगत नाही. आणखी एक तिसरी वाटही आहे, साध्या र-खाली नुक्ता देण्याची. ती युनिकोडच्या ठरलेल्या नियमाने आपोआप ०९३१ मध्ये मिसळते. हे न दिसणारं चिन्ह मात्र त्या नियमाने मिसळत नाही. त्यासाठी हाताने ओळ लिहावी लागते.

त्याने ती लिहिली. साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी, दोन्हीकडे, त्या सांध्याचा एकच आकार. ‘दऱ्या’ शोधलं आणि साऱ्या दऱ्या एकदम आल्या, एकाखाली एक, कुणी आजीने सांगून नातवाकडून लिहवून घेतलेली, कुणी एसटीची वाट बघता बघता भरलेली, निम्म्या तर पावसाळ्याच्या आधीपासून तिथेच होत्या. तो कितीतरी वेळ नुसता वाचत होता. मीही इकडे वाचत होते.

रात्री त्याने कोड पाठवला. त्या ओळीच्या डोक्यावर त्याने मराठीत लिहिलं होतं: ‘इथे एक न दिसणारं अक्षर सांभाळलं आहे. ही ओळ फुकटची वाटेल, पण पुसू नका. पुसायचीच असेल तर आधी दऱ्या शोधून बघा.’

मी खाली एवढंच जोडलं: ‘तऱ्हा आणि वऱ्हाडसुद्धा.’