तीन फिल्टर आणि एक हॅक्सॉ

बाबांची गाडी सकाळी पहिल्यांदा चालू केली की चार-पाच सेकंद खडखडायची. नंतर गप्प. दिवसभर पुन्हा आवाज नाही. गणपतीत मिरजेला गेलो तेव्हा मी विचारलं, तर बाबा म्हणाले, "म्हातारी झालीय. मलाही सकाळी उठल्या उठल्या गुडघे हलवायला वेळ लागतो."

गाडी २०११ची, साधी पेट्रोल हॅचबॅक. म्हातारी आहेच. पण हा आवाज जूनमधे ऑइल बदललं तेव्हापासून सुरू झाला होता, आणि म्हातारपण असं एका तारखेला सुरू होत नाही.

इथे माझी ओळख सांगायला हवी. शिक्षण मेकॅनिकल, नोकरी जावाची. आमच्या वर्गातले निम्मे असेच आहेत. चार वर्षं इंजिनाचे सेक्शन काढले आणि त्यानंतर इंजिनला हात लावायची वेळ आली नाही. जे थोडंफार हाताला येतं ते कॉलेजमुळे नाही, मिस्त्रींमुळे. मिस्त्री म्हणजे आमच्या गाडीचे मेकॅनिक. गल्लीत त्यांना नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकलेली नाही. सेकंड इयरच्या सुट्टीत त्यांच्या गॅरेजात दीड महिना बसलो होतो. फिल्टर बसवण्याआधी त्याच्या रबराला ऑइलचं बोट फिरवायचं, रबर टेकलं की पुढे पाऊण फेरा हातानेच आवळायचा, पान्हा लावायचा नाही, हे त्यांनी शिकवलं. "पान्हा काढताना. बसवताना हात," असं.

तर सकाळच्या आवाजाचा एक संशयित फिल्टरच असतो. डब्याच्या बुडाला कडेने जी बारीक भोकं दिसतात त्यातून ऑइल आत जातं, कागदाच्या चुण्यांतून बाहेरून आत गाळलं जातं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनात परत जातं. कडेच्या भोकांवर आतून एक रबरी पाळ असते, तिला अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन बंद झालं की ही पाळ भोकं झाकते, म्हणजे आडव्या बसवलेल्या फिल्टरमधलं ऑइल रात्रीतून खाली चेंबरमधे उतरून जात नाही. पाळ नीट बसली नाही, तर सकाळी पंपाला आधी रिकामा डबा भरावा लागतो. तेवढे सेकंद वरचे टॅपेट कोरडे वाजत राहतात.

दिवाळीला पुण्याहून जाताना तीन फिल्टर घेऊन गेलो. दोन शोरूमच्या काउंटरवरचे, एक बसवायला, एक कापायला. तिसरा दुसऱ्या एका नावाजलेल्या कंपनीचा, त्याहून महाग.

"नवा फिल्टर कापायला?" बाबा म्हणाले. "पगार वाढला वाटतं."

पाडव्याला गॅरेज बंद होतं म्हणून फिल्टर मीच बदलला. बाबा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बॅटरी धरून होते आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होते, "मिस्त्रींना उद्या दाखवू की." आई गेल्यापासून बाबांची संध्याकाळ मिस्त्रींच्या गॅरेजात जाते. पाच वाजता जातात, पेपर वाचतात, दोन चहा पितात, सातला परत. गाडीचं काम असो नसो.

काढलेला फिल्टर रात्रभर डब्यावर उपडा ठेवला आणि सकाळी हॅक्सॉने कापला. ही चूक. ब्लेडचा लोखंडी कीस थेट कागदावर पडला, त्यामुळे कुठला कण इंजिनातला आणि कुठला माझ्या करवतीचा, हे कळायची सोय उरली नाही. नळाच्या पाइपाला वापरतात तसला चाकाचा कटर हवा होता. उरलेले दोन कोरेच होते, तिथे कीस पडला तरी बिघडत नव्हतं.

तिन्ही जुन्या पेपरवर मांडले. खरं सांगतो, पहिल्या नजरेत सगळ्यात गरीब दिसला तो शोरूमचा. चुण्यांच्या वर-खाली झाकण म्हणून चक्क पुठ्ठा. महागड्यात पत्र्याच्या चकत्या, कागदामागे तारेची जाळी, नारिंगी सिलिकॉनची पाळ. फिल्टर कापून दाखवणारे व्हिडिओ इथेच निकाल लावून मोकळे होतात: पुठ्ठा म्हणजे भिकार, पत्रा म्हणजे भारी. मला ते पटत नाही. चकतीचं काम चुण्यांची टोकं बंद ठेवणं. ती सगळीकडून घट्ट चिकटली असेल तर पुठ्ठ्यानेही भागतं, नसेल तर पत्र्याचाही उपयोग नाही. मी शोरूमवाल्याचा पुठ्ठा नखाने ओढून पाहिला, कागद फाटला पण जोड सुटला नाही. त्याची काळी रबरी पाळ मऊ होती, दाबली की परत येत होती. सिलिकॉन उष्णतेत जास्त टिकतं हे खरं, पण सहा महिन्यांनी फेकायच्या वस्तूत त्याचे पैसे मोजायचे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आता गाडीतून निघालेला. हाही बाहेरून शोरूमचाच. तोच रंग, तीच अक्षरं, पार्ट नंबर बरोबर. आतमधे चुण्या मोजल्या तर ३८. शोरूमच्यात ६१. कागद उलगडून टेपने मोजला: तिकडे सव्वा मीटरच्या आसपास, इथे पाऊण मीटर. चुण्या एका बाजूला गोळा झालेल्या, दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट. कागदाची दोन टोकं जिथे जोडतात तो जोड अर्धा उकललेला. रबरी पाळ पाच महिन्यांत प्लास्टिकच्या झाकणासारखी कडक झालेली. सकाळच्या खडखडाटाचं कारण सापडलं होतं.

पण मला खरा धक्का बायपास व्हॉल्व्हने दिला. कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल फार घट्ट असलं, तर दाब वाढून, साधारण एक बारच्या आसपास, हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनाला जातं. कारण घाण ऑइल चालेल, ऑइलच नाही हे चालणार नाही. चांगल्या फिल्टरमधे स्क्रू-ड्रायव्हरने दाबला की तो आत जातो आणि स्प्रिंगने परत येतो. इथे तो हलेना. जोर लावला तेव्हा कळलं, तिथे व्हॉल्व्ह नव्हताच. पत्रा दाबून व्हॉल्व्हचा आकार दिला होता. कुणीतरी तो आकार उठवण्यासाठी साचा बनवला होता! जोड उकललेला असल्यामुळे निम्मं ऑइल तसंही न गाळता जात असणार, म्हणजे बायपास नव्हता, पण सगळा फिल्टरच बायपास होता.

मी त्या पत्र्याकडे जरा जास्तच वेळ पाहत बसलो. मागच्या वर्षी एका रिलीजच्या आदल्या रात्री, फाइलमधली एखादी नोंद फसली की सगळी प्रक्रिया थांबायची, म्हणून मी त्याभोवती एक कॅच ब्लॉक लावला. आत काहीच लिहिलं नाही, लॉगसुद्धा नाही. फसलेली नोंद सोडून पुढे जायचं. काही लोकांची बिलं दोन महिने तयारच झाली नाहीत आणि आमचा डॅशबोर्ड हिरवागार होता. कोड रिव्ह्यू करणाऱ्याला तिथे एरर हँडलिंग दिसलं होतं. आकार तर होता.

फिल्टर बाहेरून ओळखणं अवघडच. १९२३मधे अर्नेस्ट स्वीटलँडने मोटारीच्या ऑइल फिल्टरचं नाव 'प्युअर ऑइल लेटर' या शब्दांवरून प्युरोलेटर ठेवलं; तेव्हापासून ही वस्तू नावावरच विकत घेतली जाते, कारण गिऱ्हाईक ती कधीच उघडत नाही. आणि उघडूनही सगळं दिसत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, बेअरिंगमधल्या फटी त्याहून कमी. म्हणजे जे कण अडवायचे ते मला दिसणारच नाहीत. त्यासाठी आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी आहे: धूळ मिसळलेलं ऑइल पुन्हा पुन्हा फिरवायचं आणि फिल्टरच्या आधी नि नंतर कण मोजायचे. ७५ कणांतला एकच पार झाला तर ९८.७ टक्के. हे घरच्या पेपरवर होत नाही. हॅक्सॉने मला कामचुकारपणा दिसला. शोरूमचा आणि महागडा यात चांगलं कोण गाळतं, ते मला सांगता येणार नाही.

भाऊबीजेनंतर गॅरेज उघडलं. बाबा यायच्या आधी, चारलाच गेलो. तुकडे पिशवीत होते. सगळ्या वाटेत वाक्यं जुळवत होतो आणि एकही बरं वाटत नव्हतं.

मिस्त्रींनी चष्मा लावला. शोरूमचा आणि त्यांचा शेजारी ठेवून पाहिले. मग उठून फळीवरून तसलेच आणखी तीन खोके काढले आणि टेबलावर ठेवले.

"सांगलीचा एक पोरगा मोटारसायकलवर आणून देतो," ते म्हणाले. "रेट कमी लावला त्याने. का कमी, ते मी विचारलं नाही." थोडा वेळ थांबून म्हणाले, "विचारलं असतं तर कळलं असतं."

मी काही बोललो नाही.

"किती गाड्यांना बसले असतील, ते वहीत आहे," असं म्हणून त्यांनी वही काढली. जूनपासून पानं उलटत गेले आणि पेन्सिलने खुणा करत गेले. अकरा गाड्या निघाल्या. पोराला हाक मारून म्हणाले, एकेकाला फोन लाव, ऑइल आणि फिल्टर बदलायला बोलव, पैसे घ्यायचे नाहीत. पोराने विचारलं, काय कारण सांगू? मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "फिल्टर खराब लागलाय, असं सांग," ते म्हणाले.

पाचला बाबा आले. खुर्ची ओढली, पेपर उघडला. टेबलावरचे तुकडे दिसले तसे म्हणाले, "काय निघालं मग आत?"

"रबर कडक झालं होतं," मी म्हणालो.

"बदललं ना?" बाबा म्हणाले आणि पान उलटलं.

मिस्त्री आमच्याकडे पाठ करून उभे होते. मग त्यांनी व्हाइसमधे एक कोरा फिल्टर आवळला, हॅक्सॉ उचलली आणि बाबांना म्हणाले, "मास्तर, पेपर बाजूला ठेवा जरा. दाखवतो तुम्हाला."