हात लावायचं संग्रहालय

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक अजूनही अजब बंगलाच म्हणतात. 1863 साली उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात काचेआड पेंढा भरलेले प्राणी, मूर्ती, शिलालेख. बघायचं आणि पुढे सरकायचं, हात लावायचा नाही. वऱ्हाडातल्या कितीतरी पिढ्यांसाठी संग्रहालय म्हणजे एवढंच होतं. वाशिम जिल्ह्यातलं किन्हीराजाही त्याला अपवाद नसावं. गाव नागपूर-औरंगाबाद महामार्गावरचं, पण नागपूर म्हणजे अख्खा दिवस मोडणार आणि तेही सहलीच्या निमित्ताने.

विज्ञान केंद्राची रीत याच्या नेमकी उलटी असते. म्युनिकच्या ‘डॉइचेस म्युझियम’ने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लोकांच्या हाती कळा आणि बटणं दिली. 1969 साली फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडलं आणि हाताळणं हाच त्याचा पाया ठरवला. भारतात कोलकात्याचं बिर्ला संग्रहालय 1959चं. महाराष्ट्रात वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रानं सुरुवात केली ती ‘प्रकाश आणि दृष्टी’ या प्रदर्शनापासून, 1977 साली. 1979 या बालवर्षात तिथे मुलांचं विज्ञान उद्यान झालं आणि 1985 मध्ये पूर्ण केंद्र खुलं झालं. उद्यानात जुनं वाफेचं इंजिन आहे, ट्राम आहे आणि भारतात बनलेलं ‘मरुत’ हे लढाऊ विमानही.

विदर्भाची पाळी आली 7 मार्च 1992 रोजी. गांधीसागर तलावासमोर रमण विज्ञान केंद्र सुरू झालं, वरळीच्या केंद्राशी जोडलेलं. नावही शोभणारं, कारण चंद्रशेखर वेंकट रमण सरकारी वित्त खात्यात अधिकारी असताना काही काळ नागपुरात होते. 1997च्या जानेवारीत तारांगणाची भर पडली. आवारात डायनोसॉर उभे आहेत. लहान मुलांची गर्दी तिथेच जास्त असते आणि शिक्षकांचा आवाजही तिथेच चढतो.

विज्ञान उद्यानांतला सर्वांत चतुर खेळ मात्र साध्या दोन तबकड्यांचा. समोरासमोर, मध्ये बरंच अंतर ठेवून उभ्या केलेल्या या खोलगट, अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराच्या तबकड्या. एकीच्या नाभीशी तोंड नेऊन कुजबुजलं की ध्वनिलहरी तिच्यावर आपटून समांतर निघतात, दुसरीवर पोचतात आणि तिच्या नाभीशी पुन्हा गोळा होतात. तिथे कान लावलेल्या मुलाला शब्द स्पष्ट ऐकू येतो. मधे उभ्या असलेल्याला काहीच नाही. दूरचित्रवाणीची छत्री जवळजवळ याच तत्त्वावर चालते, फक्त तिथे ध्वनीऐवजी रेडिओलहरी. हे एकदा कानानं अनुभवलेल्या पोराला अन्वस्ताची आकृती शिकवायला फार वेळ लागत नाही.

पण सहल वर्षातून एकदाच, आणि तीही ज्याला परवडेल त्यालाच. ही अडचण ओळखूनच 1965 साली कोलकात्याहून फिरत्या विज्ञान प्रदर्शनाची सुरुवात झाली. एका विषयावरची, हाताळता येणारी दोन डझनांच्या आसपास उपकरणं बसमध्ये बसवायची आणि गावोगावच्या शाळांच्या मैदानात बस उभी करायची. सोबत दुर्बीण असली की रात्री आकाशदर्शनही होतं. पुढे राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या केंद्रांनी हीच पद्धत उचलली.

पुण्यात ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या ‘मुक्तांगण’ विज्ञानशोधिकेनं आणखी स्वस्त वाट काढली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या जागी अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवली. त्यांची मोटार बघावी: एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेचं एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त अर्ध्या बाजूनं. म्हणजे अर्ध्या फेरीत वीज वाहते, उरलेली अर्धी वेटोळं आपल्याच वेगानं पार करतं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर ते नुसतं डोलत राहतं. एवढी अट पाळली की जिल्हा परिषदेच्या कुठल्याही वर्गात ही मोटार फिरते.

आणि किन्हीराजाच्या लोकांजवळ एक असं प्रदर्शन आहे, जे ना नागपूरकडे आहे ना मुंबईकडे. महामार्गानं मेहकर ओलांडून सुलतानपूरहून वळलं की लोणार. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, बेसाल्टमध्ये उल्काघातानं पडलेलं. ज्वालामुखी की उल्का, हा वाद बराच काळ चालला. 1973 साली तिथल्या खडकांतल्या आघातानं काचरूप झालेल्या खनिजांनी निकाल लावला. सरोवराचं पाणी खारं आणि क्षारयुक्त आहे. 2020च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे दाबायला बटणं नाहीत, आणि खरं तर ती नसावीतच. तरीही शाळांच्या सहलींत लोणार बहुधा मंदिरं बघून आटोपतं. मुख्याध्यापकांनी पुढच्या सहलीत मुलांना काठावर अर्धा तास बसवावं, नकाशा हाती द्यावा आणि खड्डा कशामुळे पडला असेल, हे आधी त्यांनाच विचारावं.