मापणाऱ्याचें माप

घरांतील पंखा बिघडला म्हणजे तो फिरत नाहीं, आणि दिवा बिघडला म्हणजे तो लागत नाहीं. आपला दोष ते स्वतःच सांगून टाकतात. मोजमाप करणाऱ्या यंत्राचें तसें नाहीं. तें बिघडलें तरी त्याचा कांटा पूर्वीच्याच ऐटींत उठतो, एखाद्या आंकड्यावर जाऊन स्थिर होतो, आणि तो आंकडाच खोटा असतो. विजेचीं जुनीं मापनयंत्रें दुरुस्त करण्याचा नाद आम्हांस पुष्कळ वर्षें आहे. त्यांत अवघड काय, असें कोणीं विचारल्यास आम्ही हस्तकौशल्याचें नांव घेणार नाहीं. कोणावर विश्वास ठेवावा हें ठरविणें अवघड, असेंच सांगूं.

बोरिवलीस आमच्या घराची बंदिस्त गॅलरी हीच आमची कर्मशाळा. तेथें आलेलीं बहुतेक यंत्रें उपनगरांतील कारखान्यांचीं पेन्शनर होत. अंधेरीस १९७३ सालीं इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीं सीप्झ ही वसाहत निघाली; घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा लालबहादूर शास्त्री मार्ग तर एके काळीं कारखान्यांचाच रस्ता होता. त्यांतील अनेक कारखाने बंद पडून त्यांच्या जागीं मॉल आणि मनोरे उभे राहिले. ज्या ऑसिलोस्कोपपुढें एखाद्या इंजिनियरानें उमेदीचीं वर्षें काढलीं, त्याचें मोल मग भंगारवाला तांब्याच्या वजनावर करतो.

या यंत्रांचा खरा शत्रु म्हणजे आमच्याकडील हवा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हां उपनगरांत घरोघर पाणी शिरलें. परंतु पाण्यांत बुडालेल्या यंत्राचें दुखणें निदान दिसतें तरी. दमट हवा आपलें काम गुपचूप करते. कागदी कंडेन्सरांत ओल शिरते, आणि जेथून वीज मुळींच जाऊं नये तेथून ती झिरपूं लागते. कार्बनच्या रेझिस्टरांचा रोध वर्षानुवर्षें वाढत जातो. स्विचांचे स्पर्शबिंदु काळे पडतात. बाहेरून पाहावें तर पेटी लखलखीत!

म्हणून बरींच वर्षें पडून राहिलेलें यंत्र आणल्याबरोबर चालू करूं नये. आम्ही त्याच्या वाटेंत विजेचा एक साधा बल्ब जोडतों. आंत कोठें शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वांचतो. मग दाब हळूहळू वाढवावा, म्हणजे जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सावरण्यासारखे असल्यास सावरतात. ऑसिलोस्कोपच्या चित्रनलिकेस हजारों व्होल्ट लागतात, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरांत तो दाब दबा धरून बसतो. एक हात खिशांत ठेवून काम करावें, हा जुन्या कारागिरांचा नियम त्यासाठींच आहे. एका हातांतून दुसऱ्या हातांत जाणारी वीज वाटेंत हृदय गांठते.

एवढें झाल्यावर मूळ प्रश्न उभा राहतो. नऊ व्होल्टच्या त्याच बॅटरीस एक मीटर नऊ म्हणतो, दुसरा साडेआठ. खरा कोणता? तिसरा आणावा, तर त्याची ग्वाही कोण देणार? १९२३ सालीं विलायतेंत निघालेल्या ॲव्होमीटरनें अँपियर, व्होल्ट आणि ओहम हीं तिन्ही मापें एका पेटींत आणलीं. पण त्या पेटीसही कोणापुढें तरी परीक्षेस बसावेंच लागतें. ही साखळी चढत चढत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते; आणि व्होल्टचें प्रमाणही १९९० पासून एखाद्या विद्युत्घटावर नव्हे, तर जोसेफसन परिणामावर, म्हणजे निसर्गाच्याच एका नियमावर, टेकलेलें आहे. गॅलरींत बसणाऱ्यास इतक्या उंच चढतां येत नाहीं. तो व्हीटस्टननें १८४३ सालीं प्रसिद्धीस आणलेल्या सेतूचा आश्रय करतो. तराजूंत वजन करावें तसा त्यांत अज्ञात रोध ज्ञात रोधाशीं तोलला जातो. कांटा शून्यावर आला कीं काम झालें. बाकीची पट्टी खोटी असली तरी चालते, शून्य तेवढें खरें हवें. साडेआठ म्हणणाऱ्या मीटरांतील रेझिस्टर असाच सांपडतो: त्याचा रोध वाढलेला असतो, म्हणून मीटर कमी दाखवितो.

दुसरा आधार यंत्राबरोबरच्या पुस्तिकेचा. जुने कारखानदार तींत जोडणीचा संपूर्ण नकाशा छापीत, आणि कोणत्या ठिकाणीं किती व्होल्ट मिळाले पाहिजेत हेंही लिहीत. आपलें यंत्र कधींतरी बिघडेल आणि कोणी अनोळखी माणूस तें उघडील, हें त्यांनीं गृहीत धरलें होतें. हल्लींच्या पुष्कळ वस्तूंबरोबर असा कागद येत नाहीं.

थोड्या पैशांत नवा मीटर मिळत असतां हा उपद्व्याप कशाला, असें स्नेही विचारतात. नव्या मीटरशीं आमचें वैर नाहीं. तो आमच्याही टेबलावर आहे. परंतु तो दशांशचिन्हापुढें दोन आंकडे दाखवितो, आणि तेवढ्यानें माणूस शंका घेण्याचें सोडून देतो. शंका कोठें घ्यावी आणि ती कशी फेडावी, हें ज्यांस ठाऊक होतें ते कारखान्यांबरोबरच निवृत्त झाले. तांब्याच्या भावानें जें जातें त्यांत हेंही जातें.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्रावर आम्ही एक चिठ्ठी चिकटवितों. तींत तपासल्याची तारीख असते, आणि कोणत्या पट्टीवर किती चूक उरली तो आंकडा असतो. एका मीटरवर 'दहाच्या पट्टीवर दोन टक्के कमी' असें लिहिलेलें आहे. सर्वांत अधिक भरंवशानें आम्ही तोच मीटर वापरतों.