राखणीचे पैसे

अमेरिकेत व्हरमाँट राज्यात लेकीकडे दोन उन्हाळे काढले. तिथलं मला सगळ्यात जास्त काय आवडलं म्हणाल, तर एक कर! हसू नका मंडळी, सांगते.

तिथे जमिनीवरचा कर बाजारभावावर बसतो. स्कीइंगच्या गावाजवळ कुणाचं वाडवडिलांचं रान असलं, तर कर बंगल्याच्या प्लॉटच्या भावाने. मेपलचा पाक सोडला तर झाड काही दरवर्षी पैसे देत नाही. मग तुकडे पाडून विकायचं. म्हणून 1978 साली राज्याने कायदा केला. रान रान म्हणून ठेवलंत, तर रान म्हणून जी किंमत होईल तिच्यावरच कर. किमान 25 एकर हवं, वनतज्ज्ञाकडून आराखडा करून सरकारी वनाधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यायचा, 10 वर्षांनी पुन्हा नवा. तोड बंद नाही हं, पण आराखड्याप्रमाणे. उद्या घरं बांधायला काढलीत तर त्या तुकड्याच्या बाजारभावाच्या 10 टक्के भरा. आणि गावाचं बुडालेलं उत्पन्न राज्य भरून देतं, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. नाहीतर सवलत एकाला आणि खड्डे सगळ्यांना! 2022 साली तर न तोडता जुनं होऊ द्यायच्या रानालाही त्यात जागा केली.

आपल्या कोकणात हे कसं बसवायचं? शेतसारा माफ केला तरी चहाभज्यांपुरते पैसे सुटतील. सूट द्यायला आधी कर तर हवा! प्राप्तिकराचं तर उलटंच. शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण बंगालमधल्या एका राजाच्या सालवनाच्या खटल्यात 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जमिनीची मशागत, लागवड केली तर ती शेती. आपसूक उगवलेल्या झाडांची नुसती राखण आणि छाटणी केली तर नव्हे. (राजेसाहेब जिंकले, कारण त्यांनी लागवड केली होती.) म्हणजे अकेशिया लावा, सूट आहे. ऐन-किंजळ राखा, नाही.

हे सगळं आठवायचं कारण, आमच्या माहेरच्या सामाईक रानाला ठेकेदार लागलाय. वरचं रान गेलं तर खालच्या पऱ्ह्याला पाणी किती दिवस राहील, हे मी सांगायला नको. पण गावी राहणाऱ्या धाकट्याला घराचं छप्पर घालायचंय, आणि आम्ही चौघं शहरात पेन्शन खात त्याला पर्यावरण शिकवणार, हे काही बरं दिसत नाही.

तेव्हा दादा, ताई, वहिनी, तुम्ही हे वाचताच म्हणून इथेच लिहिते. सरकार देत नाही ना, आपण देऊ. चौघांनी दरवर्षी त्याला राखणीचे पैसे द्यायचे. वाळकं, मोडकं लाकूड त्याचं. उभं झाड पाचांच्या सहीशिवाय तुटणार नाही. किती जमेल ते गणपतीआधी कळवा. माझे पहिल्या वर्षाचे आजच धाडते आहे.