त्रिज्येचा घन गेला कुठे?

गोळ्याची त्रिज्या दुप्पट केली की घनफळ आठपट, ही शाळेतली भूमिती डोक्यात पक्की बसलेली. त्या भरवशावर मी, वाणिज्य शाखेची बाई, सूर्यमालेबाहेरच्या छोट्या ग्रहांची वस्तुमानं काढायला बसले.

केप्लर दुर्बीण त्रिज्या कशी मोजायची, ते समजायला जड गेलं नाही. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किंचित घटतो आणि त्या घटीवरून आकार कळतो. पृथ्वीएवढ्या ग्रहाने सूर्यासारखा तारा ओलांडला तर घट दहा लाखांत ८४ भाग! वस्तुमानाचा मात्र या घटीत पत्ताच नाही. त्यासाठी सहसा ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो ते मोजावं लागतं, आणि पृथ्वी सूर्याला डुलवते ती सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर वेगाने. म्हणून बऱ्याच लहान ग्रहांच्या बाबतीत अंदाजावर भागवतात.

खगोलशास्त्रज्ञ लॉरेन वाइस आणि जेफ्री मार्सी यांनी २०१४ साली ६५ ग्रहांवरून अशा अंदाजासाठी एक सूत्र मांडलं. पृथ्वीच्या दीडपट त्रिज्येपर्यंत आकाराबरोबर घनताही वाढते. इथवर मी खूश. दीडपटीपासून चौपटीपर्यंत मात्र वस्तुमान म्हणजे २.६९ गुणिले त्रिज्येचा ०.९३ वा घात (दोन्ही पृथ्वीच्या पटीत). मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घात तीन नाही, दोन नाही, एकाहूनही कमी! दुप्पट त्रिज्येच्या ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या ५.१ पट, चौपट त्रिज्येच्याचं ९.८ पट. घनफळ आठपट वाढलं आणि वस्तुमान दुप्पटही नाही? आमच्या हिशेबात असा ताळेबंद कुणी पास केला नसता.

घोळ वायूचा होता. दीडपटीच्या पुढचे बरेच ग्रह हायड्रोजन-हेलियमचं जाड पांघरूण घेऊन असतात. हा वायू वस्तुमानात दोन-चार टक्केच असला तरी आकार भलताच वाढवतो. पुरी टम्म फुगली म्हणून तिच्यातली कणीक थोडीच वाढते!

मग केप्लर-३६ हा तारा भेटला. त्याचे दोन ग्रह १४ आणि १६ दिवसांत फेरी मारतात आणि जवळून जाताना एकमेकांना असे ओढतात की ताऱ्यासमोर येण्याच्या त्यांच्या वेळा मागेपुढे होतात. त्या चुकलेल्या वेळांवरून २०१२ मध्ये वस्तुमानं निघाली. आतला पृथ्वीच्या जेमतेम दीडपट त्रिज्येचा, वस्तुमान सुमारे ४.५ पट, बाहेरचा ३.७ पट त्रिज्येचा, वस्तुमान ८ पट. सूत्र म्हणतं ४.५ आणि ९. मी हरखलेच.

तो आनंद केप्लर-१३८ या ताऱ्याने घालवला. तिथले दोन ग्रहही साधारण दीडपट त्रिज्येचेच, पण २०२२ च्या मोजणीत त्यांची वस्तुमानं पृथ्वीच्या दुपटीच्या थोडी वर आली, म्हणजे केप्लर-३६ च्या आतल्या ग्रहाच्या निम्मी. त्यांच्यात भरपूर पाणी असावं, असं संशोधकांचं म्हणणं. आकार तोच आणि आत एकीकडे खडक-लोखंड, दुसरीकडे पाणी! त्यात दीडपटीला सूत्राचे दोन तुकडेही नीट जुळत नाहीत: एक ४.६ सांगतो, दुसरा ३.९.

सूत्र खोटं नाही. ते घोळक्याची सरासरी सांगतं, एका ग्रहाची हमी देत नाही. नासाच्या बाह्यग्रह संग्रहातल्या एकत्रित तक्त्यात मोजलेली आणि त्रिज्येवरून काढलेली वस्तुमानं एकाच रकान्यात बसतात. कुठलं कसं आलं ते शेजारचा रकाना सांगतो. तिथे ‘एम-आर रिलेशनशिप’ (वस्तुमान-त्रिज्या संबंध) लिहिलेलं असेल, तर त्या आकड्यावरून ग्रहाची घनता काढायला बसू नका.