ताटली उचलेपर्यंत

गेल्या जुलैतील एक सकाळ. दवाखान्याचे शटर वर जाण्याआधीच आमच्या सोसायटीतील काकू बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, यजमान जाऊन चार वर्षे झालेली, मुलगा परदेशी. उजवा हात त्यांनी पदराखाली झाकून घेतला होता. पदर बाजूला केला, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी दातांच्या चार खुणा दिसल्या आणि त्यांवर हळदीचा जाड लेप.

“मांजर चावलं?” मी विचारले.

“मांजरच समजून हात लावला गं. आमची कबरीच वाटली मला. पण शेपूट भलतीच लांब, तोंड निमुळतं. चावलं आणि भिंतीवर चढून पसार झालं.”

वर्णनावरून ते उदमांजर असावे. मुलुंड पश्चिमेचा आमचा भाग डोंगराच्या पायथ्याशी येतो. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे नाला, नाल्यापलीकडे झाडी आणि त्या झाडीतून वर चढत गेले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे जंगल एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड-भांडुप आणि उत्तरेला ठाण्याचे येऊर यांना टेकलेले आहे. आपल्या दृष्टीने कंपाउंडची भिंत ही हद्द असते. रात्री बाहेर पडणाऱ्या प्राण्याला मात्र ती फक्त एक उडी असते.

काकू रोज रात्री दहाच्या सुमारास त्या भिंतीपाशी सहा मांजरांसाठी मासे-भात ठेवत. प्लॅस्टिकची झाकणे, कागदी बशा, जे हाती येईल ते. ठेवायचे आणि वर यायचे. सकाळी सारे स्वच्छ झालेले असे, म्हणजे मांजरे पोटभर जेवली, असा त्यांचा समज होता.

आधी उपचारांचे सांगते, कारण ही माहिती प्रत्येक घरात असायला हवी. मी काकूंची हळद धुऊन काढली आणि वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली. हळद, चुना, तिखट यांतले काहीही चाव्यावर लावू नये. साबण आणि पाणी हाच पहिला उपचार आणि तो घरच्या मोरीतच व्हायला हवा. वन्य प्राण्याचा चावा, जखम लहान दिसली तरी, तिसऱ्या श्रेणीचा म्हणजे सर्वाधिक जोखमीचा धरतात. त्यात केवळ लस पुरत नाही. जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लस स्नायूत घ्यायची असेल तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की आमच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही; त्याआधी मात्र सारे काही असते. आणि हा रोग कुत्र्यापुरताच नाही, मांजराच्या चाव्यातूनही होतो. काकूंना मी त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात पाठवले. त्यांनी एकही तारीख चुकवली नाही.

माझी चूक यानंतर झाली.

मी त्यांना निक्षून सांगितले, “काकू, आता मांजरांना खायला घालणं बंद.” दोन दिवसांनी सोसायटीच्या फलकावर तशीच सूचना लागली. काकू शिस्तीच्या. त्यांनी मुकाट्याने ऐकले. मला वाटले, प्रश्न मिटला.

लसीच्या शेवटच्या दिवशी त्या दाखवायला आल्या, तेव्हा एका गोळीवर वर्षानुवर्षे 130 च्या आसपास असलेला त्यांचा रक्तदाब 168 वर गेला होता. वजन अडीच किलोंनी घटले होते. झोप नाही, भूक नाही. मी तपासण्या लिहू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “तपासण्या कसल्या करतेस? एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, एवढंच.”

मग उलगडा झाला. सकाळी बाजारात जाऊन मांदेली किंवा करंदी आणणे, कोळणीशी चार शब्द बोलणे, मांजरांचा भात शिजवताना मूठभर तांदूळ स्वतःसाठीही घालणे, रात्री दोन जिने उतरणे आणि चढणे. काकूंचा व्यायाम, आहार, गप्पा आणि दिवसाची घडी, सारे त्या सहा मांजरांभोवती गुंफलेले होते. मी एका वाक्यात ते थांबवले होते आणि त्याच्या जागी काहीही दिले नव्हते. एखादे औषध अचानक तोडले तर काय होते, हे मी रुग्णांना रोज समजावते. इथे ते मला दिसले नाही.

दुसरीकडे, बंदीने मागची बाजू तरी निर्धोक झाली होती का? त्या रात्री मी जिन्याच्या खिडकीत विजेरी घेऊन उभी राहिले. काकूंनी थांबवले तरी कुणीतरी वरून शिळी पोळी आणि भाजी फेकली होती. दोन मांजरे आली, हुंगून थोडे खाल्ले आणि दहा मिनिटांत बाजूला झाली. त्यानंतर गटाराच्या जाळीतून एक घूस बाहेर आली, मागोमाग दुसरी. मांजरे लांब बसून पाहत राहिली. भरदार घुशीच्या वाटेला सहसा मांजर जात नाही. तासाभराने तीन कुत्री आली आणि घुशी पांगल्या. आम्ही रोज रात्री ज्याला मांजरांचे जेवण म्हणत होतो, त्याची पहिली दहा मिनिटेच मांजरांची होती. उरलेली रात्र इतरांची.

या उरलेल्या रात्रीत आरोग्याचे सारे प्रश्न दडलेले आहेत. घुशी-उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या लहानशा चिरेतूनही शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाची साथ पाहिली. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल झालेत आणि ताप उतरत नाही, अशा रुग्णांची माझ्या दवाखान्यातील ती रांग मी विसरलेली नाही. घुशींना रोज आयते अन्न मिळाले की त्या तिथेच बिळे करतात, आणि त्याच जागेवरून पावसाळ्यात आपली मुले चालत जातात. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध घ्यावे, असे पालिका दर पावसाळ्यात सांगते, ते याचसाठी.

कुत्र्यांमागून काय येते, हे उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांना सांगायला नको. 2004 च्या जून महिन्यात या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसांचे बळी गेले. पुढे 2011 पासून वन विभाग, संशोधक आणि नागरिक यांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातून वस्त्यावस्त्यांत एक साधी साखळी समजावून सांगितली. उघड्यावरचा कचरा आणि उष्टे असले की कुत्री जमतात, कुत्री जमली की त्यांच्या शोधात बिबट्या येतो. भिंतीलगतची आपली बशी हा त्या साखळीचा पहिला दुवा ठरू शकतो.

नुकसान प्राण्यांचेही होते. उदमांजर हा मुख्यतः फळे खाणारा जीव, वड-उंबराच्या बिया रानभर पसरवणारा. त्याला आपल्या मसालेदार भाताची सवय लागावी, यात त्याचे भले नाही. शिवाय एकाच बशीतून भटके आणि रानटी प्राणी खाऊ लागले की मांजरांतील पॅनल्यूकोपेनिया किंवा कुत्र्यांतील डिस्टेंपर यांसारखे रोग जंगलात पोहोचायला वाट मिळते.

खिडकीत उभी असताना मला क्षयरोगाच्या ‘डॉट्स’ उपचारपद्धतीची आठवण झाली. रुग्णाच्या हाती महिन्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवले, तर त्या पोटात जातात की फडताळात राहतात, हे कळत नाही. म्हणून आरोग्यसेवकाच्या समोर गोळी घ्यायची, असा तिचा नियम. काकूंच्या मांजरांनाही तोच नियम हवा होता. आपली परंपराही काही वेगळे सांगत नाही. पितृपक्षात पान ठेवून आपण घरात निघून जात नाही. कावळा शिवेपर्यंत थांबतो. खायला घालणारा जोवर समोर उभा आहे, तोवर ते भूतदयेचे काम आहे. पाठ फिरली की ते उघड्यावर टाकलेले उष्टे होते.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. “मी चुकले,” म्हटले, “मांजरांना घाला. पण डॉट्सने घाला.” त्या पहिल्यांदाच हसल्या. सेक्रेटरींशी आम्ही दोघी बोललो. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीने खाऊ घालण्याची जागा व वेळ परस्परसंमतीने ठरवावी, ती जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी आणि खाऊ घालणाऱ्याने तिथे अस्वच्छता होऊ देऊ नये, असे म्हटले आहे. फलकावरची सूचना बदलली. आमचे नियम असे ठरले. आपल्या सोसायटीत उपयोगी पडतील म्हणून देते.

वेळ दिवेलागणीच्या आधीची, रोज तीच. मांजरांना घड्याळ कळत नाही, पण चार दिवसांत वेळ कळते. जागा भिंत, झुडपे आणि गटार यांपासून लांब, चहूबाजूंनी दिसणारी. अन्न स्टीलच्या ताटल्यांत, एका मांजराला एक ताटली. घालणाऱ्याने शेजारी खुर्ची टाकून बसायचे, कारण दिवसाउजेडी कावळे आणि माकडे टपलेली असतातच. काठी जवळ असावी, पण मारण्यासाठी नव्हे. वीस मिनिटांनी जे उरेल ते उचलायचे, ताटल्या धुवायच्या, हात साबणाने धुवायचे. उरते किती ते पाहून दुसऱ्या दिवशी तेवढे कमी शिजवायचे.

मासे उकडून, काटे काढून, मीठ-मसाल्याविना द्यावेत. कांदा-लसूण मांजरांना विषासमान आहे, त्यामुळे घरची आमटी नको. मांजर म्हणजे दूध हे समीकरणही सोडावे. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. स्वच्छ पाणी ठेवावे, पण ते रोज बदलून आणि भांडे घासून, नाहीतर डेंग्यूचे डास तिथे अंडी घालतील. मांजरांची विष्ठा रोज उचलावी. त्यातील टॉक्सोप्लाझ्माचे बीज संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजची सफाई हे चांगले संरक्षण आहे. गरोदर स्त्रियांनी हे काम करू नये. संख्या आटोक्यात ठेवायची तर निर्बीजीकरण आणि लसीकरण यांना पर्याय नाही. रानटी प्राणी आलाच तर हुसकावायला जाऊ नये, मागे सरावे; जखमी किंवा अडकलेला दिसला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. आणि अंधारात कुठल्याही बशीकडे हात नेऊ नये, ती आपणच ठेवलेली असली तरी.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. मागच्या गटारापाशी अजून घुशी आहेत, कारण वरून पोळ्या फेकणारे हात अजून थांबलेले नाहीत; पण भिंतीलगतची बिळे बुजवल्यावर ती पुन्हा उकरली गेली नाहीत. काकूंचा रक्तदाब गेल्या खेपेला 134 होता. गोळी तीच. तिसऱ्या मजल्यावरची एक शाळकरी मुलगी संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून वीस मिनिटांचे घड्याळ लावते आणि त्या वेळात काकू तिचे पाढे घेतात. ताटल्या धुऊन झाल्या की दोघी आपापल्या घरी जेवायला जातात.

सहा ताटल्यांपैकी एक मात्र रिकामीच राहते. बंदीच्या त्या काळात कबरी कुठेतरी निघून गेली, ती परत आली नाही. काकूंनी त्याबद्दल मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. मात्र सहावी ताटली त्या अजूनही रोज मांडतात आणि वीस मिनिटांनी बाकीच्यांबरोबर उचलतात.